स्टेशन माटुंगा रोड, पत्ता माहीम

“ते कुठल्या सालचं गं?” असं मी विचारलं की आत्या बोलायची थांबते. मेथी निवडणारा हातही थांबतो. “साल कशाला हवंय तुला? आणे होते अजून, एवढं सांगते,” म्हणते आणि पुन्हा देठं खुडायला लागते. आधी मला वाटायचं की तिला आठवत नाही. मग लक्षात आलं की तिने उत्तर दिलेलं असतं. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले आणि हिशेबातून आणे गेले. आत्या १९५६ च्या जूनमध्ये रुपारेल कॉलेजात एफ. वाय. आर्ट्‌सला दाखल झाली. तेव्हा ‘आणे होते’ म्हणजे कॉलेजचं पहिलं वर्ष, आणि तेही वार्षिक परीक्षेच्या आसपासपर्यंतचं. एवढी नेमकी तारीख तिने भाजी निवडता निवडता दिली होती.

तेव्हापासून मी तिला साल विचारणं सोडलं आणि तिचे शब्द टिपून ठेवायला लागले.

रुपारेल हे आमच्या घरातलं कॉलेज. आत्या तिथली, मी तिथली, माझी दोन चुलत भावंडं तिथली. गंमत अशी की या कॉलेजला तीन गावं आहेत. उतरायचं माटुंगा रोड स्टेशनला, मुलं सांगणार ‘दादरला आहे कॉलेज’ म्हणून, आणि पोस्टाचा पत्ता मात्र माहीमचा, मुंबई १६. आम्ही माहीमकर हा पत्ता सोडत नाही. शीतलादेवीचं देऊळ, सिटीलाइटचा मासळीबाजार, मखदूम अली माहिमींचा दर्गा, माहीमचं चर्च, किल्ला आणि रुपारेल, एवढं मिळून आमचं माहीम होतं. पुण्यात १९३२ साली वाडिया कॉलेज काढणाऱ्या मॉडर्न एज्युकेशन सोसायटीने १९५२ मध्ये हे कॉलेज सुरू केलं आणि त्याला डुंगरसी गंगजी रुपारेल यांचं नाव दिलं. माटुंग्याचं रुईया आणि खालसा ही दोन्ही १९३७ ची. त्यांच्यापुढे रुपारेल अगदी लहान. आत्या गेली तेव्हा ते चार वर्षांचं होतं. “माझ्या पुढे शिकून गेलेल्या पोरी मोजून सांगता आल्या असत्या,” असं ती म्हणते.

आता सेनापती बापट मार्ग म्हणतात त्या रस्त्यावर कॉलेज आहे, पण आत्याच्या तोंडी ‘तुळशी पाईप’च. तुळशी तलावाचं पाणी शहरात आणणाऱ्या नळाची ती वाट. सेनापती बापट १९६७ च्या नोव्हेंबरमध्ये गेले. तेव्हा १९५६ ते ६० या काळात त्यांच्या नावाचा रस्ता असणं शक्यच नव्हतं. कुणी म्हातारा माणूस त्या काळची आठवण सांगताना ‘सेनापती बापट मार्गाने चालत जायचो’ म्हणाला तर मी समजते की मधे कुणीतरी, बहुधा नातवाने, शब्द बदलून दिला आहे.

हे सगळं विचारायची वेळ आली ती २६ जुलै २००५ मुळे. त्या मंगळवारी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचं पाणी मागे फिरलं. आत्याचं घर मोरी रोडच्या बाजूला, तळमजल्यावर. पलंगाखाली तिची पत्र्याची ट्रंक होती. त्यात फीच्या पावत्या, कॉलेजचे वार्षिक अंक, हाताने लिहिलेल्या नोट्‌सच्या वह्या, परीक्षेची सीट नंबराची चिठ्ठी, सगळं जपून ठेवलेलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी उतरल्यावर मी गेले. ट्रंकेचं झाकण उघडायला दोघी लागलो, कारण आत कागद फुगून घट्ट बसले होते. वहीचं एक पान उचलायला गेलं की पाच पानांचा लगदा हातात यायचा. शाई पसरून कागद फिकट निळा झाला होता, एक ओळही लागत नव्हती. आत्या रडली नाही. तिने खराटा घेतला आणि गाळ बाहेर लोटायला सुरुवात केली. मी मात्र त्या लगद्यापुढे बसून राहिले.

भिंतीवर उंच टांगलेला एक फोटो तेवढा वाचला. पदवीचा झगा घातलेला. त्या वेळी मुंबईत ज्याच्या घरात पदवीधर असेल त्याच्या घरात असा फोटो असायचाच. झगा भाड्याचा. आत्याला तो इतका मोठा होता की बाह्या हाताच्या बोटांपर्यंत आल्या आहेत आणि त्यातून गुंडाळी केलेल्या कागदाचं टोक बाहेर डोकावतंय. ती गुंडाळी पदवीची नाही, स्टुडिओवाल्याने दिलेला कोरा कागद आहे. झग्याखाली पाचवारीचे काठ दिसतात. केसांच्या दोन वेण्या पुढे घेतलेल्या. फोटोत ती हसत नाही, पण हनुवटी जरा वर आहे. आमच्या घराण्यातली पहिली बी. ए. झालेली बाई. साल १९६०, म्हणजे महाराष्ट्र राज्य झालं तेच.

ते पहिलं वर्ष, १९५६-५७ चं, आत्या अजूनही तुकड्या-तुकड्यांनी सांगते. माझे आजोबा रेल्वेत होते, माटुंग्याच्या वर्कशॉपमध्ये. मुलीला कॉलेजात घालायचं हा त्यांचा निर्णय. आजीचा विरोध नव्हता, पण भीती होती. शेजाऱ्यांनी ‘आता नवरा कुठला शोधणार’ असं विचारलं तेव्हा आजोबा म्हणाले होते, “तो तिचा ती शोधील नाहीतर मी, तुम्ही काळजी नका करू.” त्या काळच्या बऱ्याच कॉलेजांत होती ती रीत तिच्याही वाट्याला आली. मुलींनी आपल्या खोलीत थांबायचं, तास झाला की प्राध्यापकांच्या मागोमाग वर्गात शिरायचं, पुढच्या दोन बाकांवर बसायचं आणि तास संपला की त्यांच्याच मागे बाहेर पडायचं. चार वर्षांत एकाही मुलाशी ती सलग पाच वाक्यं बोलली नाही. तरी वर्गातल्या प्रत्येक मुलाचं अक्षर तिला ओळखता यायचं, कारण वह्या फिरायच्या. बोलणं बंद आणि वह्यांची ये-जा चालू, अशी ती दुनिया.

गॅदरिंगला फिशपॉन्ड असायचे. चिठ्ठ्यांच्या पेटीत कुणाच्या तरी नावाने एखादी ओळ टाकायची, ती सगळ्यांपुढे वाचली जायची. दुसऱ्या वर्षी आत्यावर एक फिशपॉन्ड पडला. काय होता ते तिने आजवर सांगितलेलं नाही. विचारलं की तोंडाला पदर लावते.

पण आत्याच्या त्या पहिल्या वर्षात केवढं काय घडलं! १ नोव्हेंबर १९५६ ला द्विभाषिक राज्य झालं. पंधरा दिवसांनी, १५ नोव्हेंबरला, आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ निघाला आणि आजोबा तो घेऊन घरी यायला लागले. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या शिवाजी पार्कवरच्या सभा तर चालत जाण्याच्या अंतरावर. मुलींना पुढे जायची परवानगी नव्हती, पण मैदानाच्या कडेला भावाबरोबर उभं राहिलेलं चालायचं. डिसेंबरात बाबासाहेब गेले. एप्रिलमध्ये नवे पैसे आले. पहिल्या वर्षाच्या फीच्या पावतीवर रुपये-आणे-पै असे तीन रकाने होते आणि पुढच्या वर्षी दोनच राहिले, हे तिला लख्ख आठवतं. आण्याला सहा नवे पैसे आणि रुपयाला शंभर, मग सोळा आण्यांचे शहाण्णवच होतात, बाकीचे चार गेले कुठे, यावर आजोबांनी रात्रभर हिशेब मांडला होता. तिसरा रकाना नसलेली ती पावतीही ट्रंकेत होती.

माझा मामा त्याच वर्षांत कॉलेजात जात होता. आत्या आणि तो एकमेकांना ओळखतही नव्हते. ते सोयरे झाले पुढे, आईबाबांच्या लग्नामुळे. मामाचं कॉलेज फोर्टात, सिद्धार्थ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने २० जून १९४६ ला ते सुरू केलं, पहिल्यांदा मरीन लाइन्सच्या लष्करी बराकींत, मग आनंद भवन आणि बुद्ध भवन या इमारतींत. तिथे सकाळचे वर्ग असायचे, म्हणून नोकरी करणाऱ्याला शिकता यायचं. मामा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात होता. रात्रशाळेतून मॅट्रिक झालेला. दुसरी पाळी, दुपारी साडेतीन ते रात्री बारा.

राहायचा गावकीच्या खोलीत. रत्नागिरीकडच्या एका गावच्या माणसांनी मिळून घेतलेली ती एक खोली. पाळीप्रमाणे माणसं झोपायची आणि उठायची. एक उठला की त्याच जागी दुसरा आडवा. जेवण खानावळीत. तिथे अभ्यास करायचा कसा? मामा म्हणायचा, “आमच्या खोलीत दिवा कधीच बंद नसे. कुणीतरी येतोय, कुणीतरी जातोय. मला फुकटचा उजेड मिळाला.” बाराला सुटायचा, एकपर्यंत वाचायचा, पहाटे उठून लालबागहून ट्राम पकडायचा. ट्राममध्ये तो उभा राहायचा, कारण बसला की झोप लागायची. ताग्यांवर लावायचे रंगीत कागदी छाप असत. खराब झालेले छाप तो मागून आणायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूला टिपणं काढायचा. अर्थशास्त्राची टिपणं पाठीमागे, पुढे लक्ष्मी किंवा हत्ती. तो कागद खिशात मावायचा आणि साच्याजवळ उभ्या उभ्या वाचता यायचा.

मराठी शिकवायला तिथे अनंत काणेकर होते. ते आधी खालसात आणि १९४६ पासून सिद्धार्थमध्ये. मामाला काणेकरांचं एक वाक्य सांगता येत नसे, पण ते वर्गात आल्यावर झोप उडायची एवढं तो सांगायचा. चार तास झोपलेल्या माणसाची झोप उडवणं ही माझ्या मते शिक्षकाला मिळू शकणारी मोठीच पावती आहे.

मामाच्या आठवणींतली एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. त्याच्या बाकावर शेजारी नायगावच्या बीडीडी चाळीतला एक मुलगा बसायचा, तोही गिरणीतला, पण वेगळ्या खात्यातला. साचेखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. त्यामुळे आधीच्या पिढ्यांत अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तिथे येऊच दिलं जात नसे. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हाच प्रश्न पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. राज्यघटना येऊन सहा वर्षं झाली होती, तरी मामाने आपल्या खात्यात त्या समाजातला एकही माणूस पाहिला नव्हता. “गिरणीत तो माझ्या साच्याजवळ आला नसता. कॉलेजात आम्ही एका बाकावर, एका पुस्तकात. मला तिथे कळलं आपण काय करत आलो ते,” असं मामा म्हणायचा. हे तो कुणाला शिकवायला म्हणून सांगत नसे. हे सांगताना त्याचा आवाज खाली यायचा.

७ डिसेंबर १९५६ ला ते दोघं बाबासाहेबांच्या अंत्ययात्रेत चालले. राजगृहापासून दादर चौपाटीपर्यंत. मामा ‘व्हिन्सेंट रोड’ म्हणायचा, आताचा डॉक्टर आंबेडकर रस्ता. त्या दिवशी मित्राने मामाचा हात शेवटपर्यंत सोडला नाही, एवढंच त्याने मला सांगितलं. मीही पुढे विचारलं नाही.

मामा बी. ए. झाला, मग गिरणी सोडून सरकारी कचेरीत कारकून झाला. ३१ मार्च १९६४ ला शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली, तेव्हा तो रस्त्यावर उभा राहून ती बघायला गेला होता. “मला तिने पदवी दिली,” म्हणायचा.

माझी स्वतःची हकिगत यांच्यामानाने थोडकी. १९७५ मध्ये नव्या पद्धतीची पहिली दहावी झाली, ज्युनिअर कॉलेजं आली, त्यामुळे मी १९८२ च्या जूनमध्ये ‘अकरावी’ला गेले. आत्याला हे कधी पटलं नाही. “अकरावी म्हणजे मॅट्रिक, ती शाळेत होते,” हे तिचं ठाम मत, आणि तिच्या काळापुरतं ते खरंच आहे. अकरा वर्षं शाळा, मग एफ. वाय., इंटर, ज्युनिअर बी. ए., सीनिअर बी. ए., असा तिचा जिना. ‘इंटर म्हणजे आमची बारावी ना?’ असं मुलं विचारतात. नाही. इंटर म्हणजे तेरावं वर्ष.

मी गेले तेव्हा गिरणी संपाला पाच महिने झाले होते. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला डॉक्टर दत्ता सामंतांचा संप. अडीच लाखांच्या आसपास कामगार. परळ, लालबाग, वरळी, डिलाइल रोडची कितीतरी मुलं आमच्या वर्गात होती. सुरुवातीला काही जाणवत नव्हतं. दिवाळीनंतर जाणवायला लागलं. मधल्या सुट्टीत एक मुलगी रोज लायब्ररीत जायची. ती अभ्यासू आहे असं आम्हाला वाटायचं. तिचा डबा बंद झाला होता, हे आम्हाला फेब्रुवारीत कळलं. मग आम्ही तिघींनी डबे एकत्र उघडायला सुरुवात केली, कुणाचा कुठला ते न सांगता. बारावीच्या वर्षी ती आलीच नाही. घरच्यांनी गाव गाठलं होतं. वर्गातली आणखी काही मुलं अशीच हळूहळू दिसेनाशी झाली. हजेरीत नाव पुकारलं जायचं, कुणी ‘हजर’ म्हणायचं नाही, दोन-तीन आठवड्यांनी नाव पुकारणंही थांबायचं. तो संप कुणी मागे घेतल्याचं जाहीर झालंच नाही.

कॉलेजचा इतिहास म्हटला की गुणवत्ता यादीतली नावं, नाटकांचे करंडक, पुढे मोठे झालेले विद्यार्थी एवढंच छापलं जातं. त्यांचा मान आहेच. पण डबा बंद झालेल्या मुलीचं नाव कुठल्या स्मरणिकेत येणार? ताग्याच्या छापांमागे टिपणं काढणाऱ्याचं? अशा माणसांच्या जोरावर मध्य मुंबईतली ही कॉलेजं भरली. पहाटेच्या ट्रामने, पाळीच्या आधी, पाळीच्या नंतर, बहिणीचं लग्न व्हायच्या आत, भावाची नोकरी लागेपर्यंत, मिळेल तेवढ्या तासांत ती शिकली. त्यांची कागदपत्रं टिकत नाहीत, कारण ती तळमजल्यावर आणि गावकीच्या खोल्यांत राहतात. टिकलं तर त्यांचं बोलणंच टिकेल.

बोलण्यातही चुका होतात, हे मी जाणते. आत्या ठामपणे सांगते की फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला त्या दिवशी ती कॉलेजातून घरी आली आणि दार लावून बसली. तो गोळीबार २१ नोव्हेंबर १९५५ चा, तेव्हा ती मॅट्रिकच्या वर्गात, शाळेत होती. मी तिला हे सांगून पाहिलं. तिने ऐकलं, मान हलवली आणि पुढच्या वेळी पुन्हा ‘कॉलेजातून’च म्हणाली. मी तिचं वाक्य खोडलं नाही. समासात खरी तारीख लिहिली आणि वाक्य तसंच ठेवलं. तिच्या मनात तिचं मोठं होणं आणि ती संयुक्त महाराष्ट्राची चळवळ एकच आहेत, आणि ही गोष्टही नोंदवण्याजोगी आहे.

२००५ च्या गणपतीनंतर काही रविवार मी मामाला आत्याकडे घेऊन आले. दोघं एकमेकांना ‘तुम्ही’ म्हणत. एकाने ‘इंटर’ म्हटलं की दुसऱ्याला इंटर आठवायची. आत्याने तिचा निकाल लागला तेव्हाचा माहीमचा हलवा सांगितला, कागदांच्या मधे ठेवलेले ते पातळ चौकोनी थर, आजोबांनी पेढ्यांऐवजी तोच वाटला होता. मामा म्हणाला, “आमच्या खोलीत बत्तीस माणसं. मी बत्तीस केळी आणली.” मी एका वहीत ते सगळं उतरवून घेतलं. मामा २०१९ मध्ये गेला. आत्या पंच्याऐंशी पार करून आहे, आणि वह्या आता तीन झाल्या आहेत. त्या मी माळ्यावर ठेवते, तळमजल्यावर नाही.

तुमच्या घरात ‘इंटर’, ‘तुळशी पाईप’, ‘व्हिन्सेंट रोड’ म्हणणारं एखादं माणूस असेल, तर येत्या रविवारी त्याच्याजवळ वही घेऊन बसा. साल विचारू नका. पहिल्या दिवशी कॉलेजला कशाने गेलात, फी कुणी भरली, शेजारी कोण बसायचं, एवढं विचारा. आणि ते बोलेल तसं लिहा, त्याचा एकही शब्द बदलू नका.